आधी वजन, की आधी उपचार?

लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मूल होत नाही, म्हणून एखादी बाई दवाखान्यात जाते. ती अंगाने जाड असेल तर बहुतेक वेळा पहिला सल्ला ठरलेला असतो: वजन उतरवा, मग पुढचं बघू. या सल्ल्यामागे खरं शास्त्र किती आणि सवय किती, यावर गेल्या दहा वर्षांत जगभर बरंच संशोधन झालं आहे. त्याचे निष्कर्ष सरळ एका बाजूला झुकत नाहीत. म्हणून हा विषय एकाच्या तोंडून न मांडता दोघींच्या बोलण्यातून मांडते आहे. मावशी साताऱ्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, भाची पुण्यात बायकांच्या आरोग्यावर काम करणारी. भलं दोघींनाही बाईचंच हवं आहे. मतभेद आहे तो सुरुवात कुठून करायची, यावर.

मावशी: तुझं म्हणणं मला कळतं, पण पटत नाही. वजनाचा विषय काढणं म्हणजे बाईचा अपमान, असं तुम्ही लोक धरून चालता. मी ऑपरेशन टेबलापाशी उभी असते. शंभर किलोच्या बाईचं सिझेरियन करायचं तर कण्यात भुलीची सुई घालायला भूलतज्ज्ञाला जागा सापडत नाही. नंतर टाके पिकतात. पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती राहते. गरोदरपणातली साखर, वाढलेलं ब्लडप्रेशर, पोटातच दगावलेलं मूल, या सगळ्याचा धोका वजनाबरोबर चढत जातो. स्वीडनमध्ये बारा लाखांहून जास्त जन्मांच्या नोंदी तपासल्या, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. आईचं वजन सर्वसाधारण असेल तर मुलात मोठं जन्मजात व्यंग असण्याचं प्रमाण ३.४ टक्के, आणि आईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं मोजमाप, चाळीस किंवा जास्त असेल तर ४.७ टक्के. हे मी बाईपासून लपवू?

भाची: लपवू नकोस. पण पुरतं सांग. त्याच आकड्यांचा दुसरा अर्थ असा की अतिलठ्ठ आईच्याही शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना असं व्यंग नसतं. धोका वाढतो हे खरं. म्हणून त्या बाईला आई व्हायचा विचारच सोडायला लावावा, इतका तो मोठा नाही. आणि माझा आक्षेप वजनाचा विषय काढण्याला नाहीच, मावशी. वजन उतरेपर्यंत उपचार अडवून ठेवण्याला आहे. एक बाई माझ्याकडे आली होती, बँकेत नोकरी करणारी. तेहतिसाव्या वर्षी ती दवाखान्यात गेली. पंधरा किलो कमी करून या, एवढं सांगून तिला परत पाठवलं. कागदावर तेवढंच. ना पाळीची विचारपूस, ना नवऱ्याची तपासणी, ना पुढची तारीख. तिने उपाशी राहून सात किलो उतरवले, त्यातले पाच परत चढले, आणि लाजेने ती दोन वर्षं तिकडे फिरकलीच नाही. परत गेली तेव्हा ती पस्तीस ओलांडून गेली होती. त्या दोन वर्षांत तिच्या बीजकोषाचं वय थांबलं होतं का?

मावशी: नाही थांबलं. तिला असं पाठवणं चूकच, त्याची बाजू मी घेणार नाही. पण वजनाचा आणि पाळीचा संबंध नुसता डॉक्टरांचा पूर्वग्रह नव्हे, हे तुला मान्य करावं लागेल. पोटात चरबी साठते तसं इन्सुलिन नीट लागू पडेनासं होतं. मग शरीर ते जास्तच तयार करतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोषात पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात. शिवाय ती संप्रेरकं रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृतात बनतं, तेही कमी पडतं, त्यामुळे ती मोकळी फिरतात. बीजांडाची वाढ मधेच अडते, ते फुटत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. हनुवटीवर केस येतात. तिकडे चरबीच्या पेशी पुरुषी संप्रेरकाचं इस्ट्रोजेन करतात. बीज फुटतच नसल्यामुळे त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं तर त्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. म्हणजे मूल नको असलेल्या बाईसाठीसुद्धा हा विषय तितकाच महत्त्वाचा आहे.

भाची: हे मान्यच आहे. पण तू सांगतेस ती साखळी वजनकाट्यापासून सुरू होत नाही, इन्सुलिनपासून होते. आणि आपल्याकडे या दोन गोष्टी एकत्र नांदतातच असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण तुला ठाऊक आहे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा फोटो शेजारीशेजारी छापून आला होता. पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून याज्ञिकांनी जे काम केलं त्यात दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला बरीच कमी असतात, पण ती कमतरता स्नायूंत जास्त आणि चरबीत कमी असते. बारीक दिसणारं, पण आतून चरबी राखून असलेलं मूल. त्यातली मुलगी मोठी होते, पंचावन्न किलोची राहते, तिची पाळी चुकत असते, आणि डॉक्टर म्हणतात, तू तर बारीक आहेस, तुला काय होणार! वजनकाट्यावर भरवसा ठेवला की जाड बाईवर विनाकारण शिक्का बसतो आणि बारीक बाई तपासणीतून सुटते.

मावशी: यात तू माझ्याच मनातलं बोललीस. म्हणून तर आपल्या लोकांसाठी मोजमाप वेगळं ठरवलं आहे. पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५ ला जादा वजन म्हणतात, आपल्याकडे २३ लाच सावध व्हायचं. जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने तर सांगूनच टाकलं की एकट्या बीएमआयवर निदान करू नका. कमरेचा घेर बघा, आणि चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम खरोखर बिघडलं आहे का ते बघा. बिघडलं असेल तर तो आजार, नसेल तर तो पुढच्या धोक्याचा इशारा. मी हल्ली टेप हाताशीच ठेवते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे ती धरायची, बाईला श्वास सोडायला सांगायचा, पोट आत ओढून घेऊ द्यायचं नाही. कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की साखर तपासायची, वजन काहीही असो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९ ते २१ मध्ये कंबर मोजली तेव्हा चाळीस टक्के बायकांच्या पोटावर चरबी निघाली, पुरुषांत बारा टक्के.

भाची: आणि त्याच पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. जादा वजन आणि पंडुरोग एकाच घरात, कधी एकाच बाईच्या अंगात. याचा अर्थ ती फार खाते असा नाही. तिला चांगलं अन्न मिळत नाही, असा आहे. आमच्या वस्तीतल्या बाईचा दिवस बघ. पहाटे पाचला पाणी भरायला उठायचं. चहाबरोबर खारी नाहीतर बटर. नऊपर्यंत सगळ्यांचे डबे. स्वतःला दुपारी तीनला, तेही तीन पोळ्या आणि तळाशी उरलेला भाजीचा रस्सा. वरणाची वाटी आधी सासऱ्यांना, मग मुलांना. गुरुवारी उपवास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि वेफर्स. रात्री दहाला शेवटचं जेवण, की लगेच अंथरूण. तिला ‘खाणं कमी करा’ सांगणाऱ्याने तिचं ताट बघितलेलंच नसतं. तिला डाळ, अंडं, दूध, पालेभाजी, फळ हे वाढवायला हवं. आणि चालायला एक तास आणि एक सुरक्षित रस्ता हवा. हे तिच्या एकटीच्या हातात नाही.

मावशी: नाही, हे कबूल. तरी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. वजन थोडंसं उतरलं तरी फरक पडतो. दहा टक्केसुद्धा लागत नाहीत, पाच टक्क्यांनी काही बायकांची पाळी रुळावर येते. ऑस्ट्रेलियात ॲडिलेडला नव्वदच्या दशकात बीज न फुटणाऱ्या लठ्ठ बायकांचा एक गट सहा महिने एकत्र चालवला. आठवड्याला भेटायचं, व्यायाम, खाण्यावर बोलणं. सरासरी दहा किलो उतरले. पूर्ण वेळ टिकलेल्या ६७ जणींपैकी साठ जणींचं बीज पुन्हा फुटायला लागलं, ५२ जणींना दिवस गेले. एवढं हातात असताना मी बाईला थेट आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या, खर्चात का लोटू? इथे एका खेपेला लाखाच्या वर जातात, लोक दागिने मोडतात, जमीन गहाण टाकतात.

भाची: ॲडिलेडचं काम मोठं होतं, पण टिकलेल्या बायकांचं होतं, आणि तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून पाडलेला दुसरा गट नव्हता. तशी मोठी चाचणी पुढे नेदरलँड्समध्ये झाली. ५७७ बायका, बीएमआय २९ किंवा जास्त, सगळ्यांना मूल हवं होतं. निम्म्यांना सहा महिने वजन उतरवण्याचा कार्यक्रम आणि मग उपचार, निम्म्यांना ताबडतोब उपचार. २०१६ मध्ये निकाल आला. पूर्ण दिवस भरून, नैसर्गिक प्रसूतीने, एकच आणि सुदृढ मूल, हे दोन वर्षांत किती जणींना मिळालं ते मोजलं होतं. आधी वजन उतरवणाऱ्या गटात २७.१ टक्के, लगेच उपचार मिळालेल्या गटात ३५.२ टक्के. म्हणजे वाट बघायला लावलेल्या बायका मागे पडल्या. त्यानंतर अमेरिकेत ३७९ बायकांवर चाचणी झाली. या बायकांची पाळी नियमित होती, पण मूल का होत नाही ते सापडत नव्हतं. २०२२ मधला निकाल असा की वजन उतरवणाऱ्या गटात सुदृढ मुलांचा जन्म १२.२ टक्के, नुसता व्यायाम करणाऱ्या गटात १५.२ टक्के. फायदा दिसलाच नाही. मग सरसकट सगळ्यांना आधी वजन उतरवायला सांगायचं कशाच्या आधारावर?

मावशी: तू अर्धंच वाचून दाखवतेस. नेदरलँड्सच्या त्याच चाचणीत आपोआप दिवस राहिलेल्या बायका कुठल्या गटात जास्त होत्या? वजन उतरवणाऱ्या. आणि २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी आयव्हीएफच्या आधी वजन उतरवण्याच्या बारा चाचण्या एकत्र तपासल्या, १,९२१ बायकांच्या. वजन उतरवलेल्या गटात उपचाराशिवायच दिवस जाण्याचं प्रमाण सुमारे दीडपट निघालं.

भाची: हो, आणि आयव्हीएफने दिवस जाण्याचं प्रमाण वाढलं असं मात्र दिसलं नाही, जिवंत मुलं किती जन्मली याचंही ठाम उत्तर मिळालं नाही. गर्भपात वाढले असंही दिसलं नाही, तेही मी प्रामाणिकपणे सांगते. आता दोन्ही बाजू एकत्र ठेवून बघ. ज्या बाईचं बीजच फुटत नाही, तिला वजन उतरवून फायदा होण्याची आशा आहे. ज्या बाईची पाळी महिन्याच्या महिन्याला येते, नळ्या बंद आहेत किंवा नवऱ्याचे शुक्राणू कमी आहेत, तिला वजनासाठी थांबवून काय मिळणार?

मावशी: हे तू नेमकं बोललीस. कारण शोधल्याशिवाय वजनावर बोट ठेवायचं नाही. बीज फुटत नसेल तर वजन हा उपचाराचाच भाग, नाहीतर ती नुसती आरोग्याची काळजी. आणि नवऱ्यांबद्दल म्हणशील तर माझा अनुभव तुझ्यापेक्षा कडवट आहे. मूल न होण्यात जवळपास निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं. पुरुषाच्या पोटाच्या घेरानेसुद्धा संप्रेरकं बिघडतात, शुक्राणूंवर परिणाम होतो. पण बाईच्या चार सोनोग्राफी होतात, नळ्यांची तपासणी होते, तोवर नवरा वीर्यतपासणीला सवड काढत नाही. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात बिनदुखीची तपासणी ती!

भाची: आता पीसीओएसचं बोल, म्हणजे मघाशी तू सांगितलेल्या, पुरुषी संप्रेरकं वाढून पाळी लांबण्याच्या विकाराचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी अभ्यासात, २०२४ मध्ये आलेल्या, कुठले निकष लावता यावर हे प्रमाण सात टक्क्यांपासून जवळपास वीस टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे वर्गातल्या पाच मुलींमागे एकीच्या कपाळी हा शिक्का बसू शकतो. अठरा वर्षांच्या मुलीला सांगतात, तुला मूल होणार नाही. घरचे लग्नाची घाई करतात. ती खाणं सोडते, मग रात्री उठून हावऱ्यासारखी खाते, मग रडते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे की वजनावरून होणाऱ्या हेटाळणीने बाईचं नुकसान होतं, आणि डॉक्टरांनी ती टाळायची आहे.

मावशी: मी त्या मुलींना पहिली गोष्ट सांगते ती अशी की पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मूल होतं. थोडी मदत लागते इतकंच. आणि मदत महागडी नाही. बीज फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळीचं उदाहरण घे. २०१४ च्या अमेरिकेतल्या ७५० बायकांच्या चाचणीत जुन्या क्लोमिफीनने १९.१ टक्के बायकांना मूल झालं, लेट्रोझोलने २७.५ टक्के. आपल्या सरकारने २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. आता पहिली गोळी तीच. वजन जास्त असलेल्या बाईलाही ती देता येते, वजनासाठी थांबावं लागत नाही. पण तू मला एक सांग. आता वजन उतरवणारी ही नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली आहेत, मार्च २०२५ पासून टिर्झेपेटाइड, जूनपासून सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन. तुझ्या बायका विचारत असतील.

भाची: रोज. आणि मला त्याची दोन कारणांनी धास्ती वाटते. एक, औषध बंद केलं की वजन परत येतं, आणि नेमकं मूल हवं तेव्हाच ते बंद करावं लागतं. दुसरं, हे कोणी सांगतच नाही.

मावशी: सांगायलाच हवं. ब्रिटनच्या औषध नियामकाने जून २०२५ मध्ये बजावून ठेवलं: ही इंजेक्शनं चालू असताना गर्भनिरोधक वापरा. सेमाग्लुटाइड असेल तर दिवस राहण्याआधी दोन महिने बंद, टिर्झेपेटाइड असेल तर एक महिना. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध वापरा. शिवाय वजन उतरलं की बंद पडलेलं बीज अचानक फुटायला लागतं. पाळी येत नाही म्हणून मला दिवस राहणारच नाहीत, अशा समजुतीत राहिलेली बाई गरोदर होऊन येते. औषध वाईट नाही. ते बाईच्या हातात देताना पुढच्या वर्षाचा विचार तिच्याबरोबर बसून करावा लागतो. कधी थांबवायचं, मधल्या काळात काय, दिवस राहिले तर कोणाला फोन करायचा.

भाची: मावशी, या सगळ्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते मुंबईच्या वस्त्यांमधलं काम. ‘सरस’ नावाचा प्रकल्प, २००६ मध्ये सुरू झाला, साडेसहा हजार बायका. त्यात कोणाला वजन उतरवायला सांगितलं नाही. दिवस राहण्याच्या आधीपासून बाईला रोज एक खाऊ द्यायचा. त्यात पालेभाजी, फळं, दूध. चव अशी की गाडीवरच्या सामोसा-भज्याची आठवण यावी. दुसऱ्या गटालाही खाऊच, पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांचा हिशोब धरला तर बाळांच्या वजनात फारसा फरक पडला नाही. ज्या बायकांनी दिवस राहण्याआधी तीन महिने किंवा जास्त खाल्लं, त्यांची बाळं थोडी जड निघाली. आणि गरोदरपणातला मधुमेह चांगल्या खाऊच्या गटात ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. मूठभर पालेभाजी, थोडं दूध, एखादं फळ, आणि रोज ते खायला एक ठिकाण!

मावशी: यातला तीन महिन्यांचा मुद्दा फार मोलाचा आहे. आपली सगळी यंत्रणा जागी होते ती बाईला दिवस राहिल्यावर. नोंदणी, लोहाच्या गोळ्या, साखरेची तपासणी, सगळं नंतर. तोवर बाळाचं हृदय, कणा घडून गेलेला असतो. फॉलिक ॲसिड तर आधीपासून लागतं. वजनाचं, साखरेचं, थायरॉइडचं, रक्ताचं जे काही करायचं ते गर्भ राहण्याच्या आधी. उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात यासाठी एक ठरलेला दिवस का नसावा? नवराबायको दोघांना बोलवायचं. आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्या हातात वजनकाटा आहे तशी टेपही द्यावी.

भाची: हे झालं तर माझं निम्मं भांडण मिटेल. उरलेलं निम्मं तुझ्याशी अजून आहे. पंचविशीतली मुलगी, एकशे दहा किलो, पाळी येत नाही. तिला तू थांबवणार ना?

मावशी: थांबवणार. तिच्याकडे वेळ आहे, बाळंतपणाचा धोका खरा आहे, आणि वजन उतरवल्याचा फायदा होण्याची शक्यताही तिलाच जास्त. पण अडतीस वर्षांच्या बाईला मी एक महिनाही थांबवणार नाही. तिच्या बाबतीत वय हे वजनापेक्षा मोठं. दोघींना एकच नियम लावणं मला जमणार नाही. ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाने आयव्हीएफ हवं तर बऱ्याच ठिकाणी बीएमआय तीसच्या आत लागतो. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या आपल्या २०२१ च्या कायद्यात वयाची मर्यादा आहे, वजनाची नाही. ती नसावीच. निर्णय बाई आणि तिचा डॉक्टर यांच्यात राहू दे.

भाची: मग त्या पंचविशीतल्या मुलीसाठी माझ्या तीन अटी. थांबण्याची मुदत सहा महिन्यांची, आणि तारीख कागदावर लिहिलेली. त्या सहा महिन्यांत तिच्यासोबत कोण आहे, आहारतज्ज्ञ, गट, समुपदेशक, त्याचं नाव लिहिलेलं. आणि मुदत संपली की वजन उतरलं असो वा नसो, उपचार सुरू. यातली एक जरी अट पाळली नाही तर तू तिला थांबवलं नाहीस, हाकललंस.

मावशी: पहिल्या दोन आत्ताच मान्य. तिसऱ्या अटीत मी भर घालते. भूलतज्ज्ञाचं मत घेऊन, साखर आणि ब्लडप्रेशर ताब्यात आणून, मग सुरू. एवढा अधिकार मला ठेव, कारण टेबलावर ती माझी जबाबदारी असते.

भाची: ठेवला. पण नाही म्हणालीस तर कारण तिला समजेल अशा शब्दांत लिहून दे, म्हणजे तिला दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन विचारता येईल.

मावशी: देईन. आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरींनाही हेच शिकवीन: आधी पाळी विचारा, वय लिहा, नवऱ्याची तपासणी सांगा, कंबर मोजा, साखर बघा, मग वजनावर या. बाईला लठ्ठपणाचा आजार असेल तर तो इतर कुठल्याही आजारासारखा बरा करायचा असतो. आजारी माणसाला बरं होऊन या, असं आपण एरवी कोणाला सांगत नाही.